वाचकांचे प्रश्न : एकाच दिवशी संग्रहालय आणि बाजार

लग्नसराई तोंडावर आली की खरेदीविषयीची पत्रे येतातच. या महिन्यात मात्र आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांत खरेदीच्या जोडीला वस्तुसंग्रहालयाचाही उल्लेख आहे, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहतो. मी, यजमान, अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, आठवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा असे आमचे कुटुंब आहे. पुढच्या महिन्यात माझी नणंद नागपूरहून आठ दिवसांसाठी येणार आहे. तिच्या मुलीचे लग्न ठरले असून कापड आणि रुखवताची भांडी मुंबईतूनच घ्यायची, असा तिचा आणि सासूबाईंचा आग्रह आहे. मुलांना संग्रहालय पाहायचे आहे आणि यजमानांनी त्यांना तसा शब्द दिलेला आहे. यजमान बँकेत असल्यामुळे सगळ्यांना मिळून एकच दिवस हाती येतो. गेल्या वर्षी आम्ही असाच बेत केला होता. आधी खरेदी उरकून मग मुंबईतल्या एका संग्रहालयात जायचे ठरले, पण पाच पिशव्या सांभाळत तिथे पोचेपर्यंत साडेचार वाजले. पिशव्या जमा करण्याच्या रांगेत वीस मिनिटे गेली, सासूबाईंचे गुडघे भरून आले, धाकटा रडू लागला आणि काहीही धड न पाहता आम्ही बाहेर पडलो. घरी येईपर्यंत कोणी कोणाशी बोलत नव्हते. या वेळी दोन गट करून वेगवेगळे जावे, की संग्रहालयाचा बेतच रद्द करावा?
एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपले पत्र वाचून पहिले सांगणे हेच, की बेत रद्द करू नका आणि दोन गटही करू नका, दिवसाचा क्रम तेवढा उलटा करा. सकाळी संग्रहालय, मध्ये निवांत जेवण आणि दुपारी बाजार.

याला केवळ पिशव्यांचे कारण नाही. बाजारात पाय थकले तरी डोळे थकत नाहीत, कारण तिथे आपण बोलतो, भाव करतो, वस्तू हातात घेतो, दुकानातल्या गादीवर क्षणभर बसतोही. संग्रहालयात मात्र सारा भार नजरेवर आणि पाठीवर पडतो. अमेरिकेतल्या बोस्टनच्या कलासंग्रहालयातील बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली या थकव्यावर एक लेख लिहिला होता. काचेच्या कपाटातल्या वस्तू नीट पाहण्यासाठी माणसाला किती वेळा वाकावे, ओणवे व्हावे आणि मान उंच करावी लागते, हे त्यांनी एका माणसाची छायाचित्रे काढून दाखवले होते. सकाळच्या ताज्या अंगाने हे श्रम जाणवत नाहीत. चार तास बाजार फिरून आलेल्या माणसाला, त्यातही गुडघे दुखणाऱ्या आजींना आणि सात वर्षांच्या मुलाला, ते सोसत नाहीत. गेल्या वर्षी आपल्याकडून उत्साहाची उणीव झालेली नव्हती. सगळ्यांत कष्टाचे काम दिवसाच्या शेवटी ठेवले गेले, एवढेच घडले.

आता कुठे जावे, याविषयी. आपल्या कुटुंबासाठी मी भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय निवडीन. ते आकाराने लहान आहे, राणीच्या बागेला लागून आहे आणि ठाणेकरांना मध्य रेल्वेने सरळ गाठता येते. पण ही निवड करण्याचे खरे कारण आपल्या नणंदबाईंची यादी हे आहे. हे संग्रहालय जन्माला आले तेच कारागिरांच्या मालातून. १८५५ साली पॅरिसला भरलेल्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातल्या कलाकुसरीच्या आणि उद्योगधंद्यांच्या वस्तू जमवून पाठवण्यात आल्या, आणि त्यांच्याच जोड वस्तू मुंबईत ठेवून या संग्रहाचा पाया घातला गेला. १८५७ मध्ये कोटातल्या, म्हणजे आताच्या फोर्टमधल्या, टाउन बरॅक्समध्ये तो लोकांसाठी खुला झाला आणि त्याच वर्षीच्या उठावामुळे सरकारला ती जागा सैन्यासाठी हवी झाली. वस्तू घाईघाईने हलवल्या गेल्या, काही फुटल्या, काही नाहीशा झाल्या. पुढे डॉ. जॉर्ज बर्डवूड, डॉ. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांनी वर्गणी गोळा करून स्वतंत्र इमारत उभी करण्याचा घाट घातला. १८६२ मध्ये पायाभरणी झाली आणि २ मे १८७२ रोजी आज आपण पाहतो ती इमारत खुली झाली. ते पाहायला नाना हयात नव्हते. १८६५ मध्ये त्यांचे निधन झाले होते. इमारतीला तेव्हा राणी व्हिक्टोरिया आणि तिचे पती आल्बर्ट यांचे नाव होते. १९७५ साली ते बदलून डॉ. भाऊ दाजींचे नाव देण्यात आले.

ठाण्याहून निघताना आपल्या मुलीला आणखी एक गोष्ट सांगावी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली प्रवासी गाडी आली, ती याच मार्गावरून आली. मुंबईत रेल्वे यावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत नाना शंकरशेट होते. म्हणजे आपण ज्या मार्गाने जाणार आणि ज्या इमारतीत शिरणार, त्या दोन्हींमागे एकाच माणसाचे कष्ट आहेत. मी शाळेत शिकवत असताना मुलांना हे गाडीतच सांगत असे. भायखळा येईपर्यंत निम्मे संग्रहालय त्यांच्या मनात उघडलेले असे.

आत गेल्यावर सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या नक्षीदार फरशा, उंच खांब, सोनेरी काम केलेले छत आणि जुनी लाकडी कपाटे यांमुळे दालन एका नजरेत भरून येते आणि कुठून सुरुवात करावी ते कळेनासे होते. आपल्याला रुखवत घ्यायचे आहे ना? मग धातूकामाच्या कपाटांपासून सुरुवात करा. नणंदबाईंना आणि सासूबाईंना तिथेच थांबू द्या. कडा कशी वळवली आहे, सांधा कुठे दिला आहे, नक्षी ठोकून उठवली आहे की कोरून काढली आहे, हे त्या दोघी मुलांना दाखवतील. या विषयातली जाणकार माणसे आपल्या घरात त्याच आहेत, आणि संग्रहालयात आजी शिकवते आणि नात ऐकते, असे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. गेल्या वर्षी ज्या सासूबाई थकून बाकावर बसून राहिल्या, त्यांच्याकडे या वेळी सांगण्याचे काम आले, तर त्यांना गुडघ्यांची आठवण जरा उशिरा होईल.

मला माझ्या आईची आठवण येते. ती फारशी शिकलेली नव्हती. वडील आम्हा भावंडांना याच संग्रहालयात घेऊन आले होते आणि आई केवळ सोबत म्हणून आली होती. एका पितळी भांड्यासमोर ती इतका वेळ उभी राहिली की वडिलांना परत येऊन तिला हाक मारावी लागली. तिने एवढेच विचारले, "हे हाताने ठोकलेलं आहे, पण एकही घाव दिसत नाही, तो कसा लपवला असेल?" त्याच दुपारी बाजारात तिने तीन दुकाने नाकारली आणि चौथ्या दुकानातून एक साधा तांब्याचा हंडा घेतला, कारण त्याचा काठ हाताने वळवलेला होता. तो हंडा अजून माझ्याकडे आहे. संग्रहालयाची आणि बाजाराची गाठ अशी पडते, हे मला तेव्हा कळले नव्हते. आज आपल्याला उत्तर लिहिताना मात्र तोच दिवस डोळ्यांसमोर आहे.

मुलांसाठी तिथे पुष्कळ आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतली निरनिराळ्या समाजांची माणसे, त्यांचे पेहराव आणि पागोटी दाखवणाऱ्या मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. गावगाड्याचे आणि धंद्यांचे छोटे देखावे आहेत. जुन्या मुंबईचे नकाशे आहेत. धाकट्याला आधी बाहेरचा दगडी हत्ती दाखवावा. हा हत्ती घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. इंग्रजांनी १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचे मनात आणले, पण उचलताना तो भंगला. त्याचे तुकडे मुंबईला आणले गेले आणि १९१४ मध्ये ते जुळवण्यात आले. सात वर्षांच्या मुलाला जोडकामाच्या रेषा शोधायला सांगितल्या, तर त्याची पंधरा मिनिटे आनंदात जातात.

पावणेदोन तास पुरेत. कोणाला अजून पाहायचे असले तरी निघावे. अर्धवट राहिलेले पुन्हा येण्याचे निमित्त होते.

आता वेळापत्रक. रविवार घेऊ नका. रविवारी मध्य आणि हार्बर मार्गांवर मेगाब्लॉकची शक्यता असते आणि कापडाचे मंगळदास मार्केट त्या दिवशी बंद असते. भायखळ्याचे संग्रहालय बुधवारी बंद असते. यजमान बँकेत आहेत, तेव्हा महिन्याचा दुसरा किंवा चौथा शनिवार आपल्यासाठी उत्तम. सकाळी कचेऱ्यांची गर्दी जरा ओसरू द्यावी आणि जलद गाडीच्या मागे न लागता ठाण्याहूनच सुटणारी धीमी गाडी धरावी. वेळ थोडा जास्त लागेल, पण सासूबाईंना बसायला जागा मिळेल, आणि आपल्या दिवसाचे यश त्या जागेवर बरेच अवलंबून आहे. भायखळ्याला पूर्वेकडे उतरावे. स्थानकाची इमारतही जुनी असून तिचे जतन इतके चांगले झाले आहे की २०२२ मध्ये युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला; दोन मिनिटे थांबून ती पाहावी. तिथून संग्रहालय चालत जाण्याजोगे आहे, तरी सासूबाईंसाठी टॅक्सी करावी. मुंबई शहराच्या या भागात रिक्षा नसतात, हे ठाणेकरांच्या ऐन वेळी लक्षात येते. जुन्या वास्तूंची डागडुजी अधूनमधून चालू असते, त्यामुळे संग्रहालय त्या दिवशी उघडे आहे ना, याची आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी.

जेवण भायखळ्यालाच आटोपावे, बाजारात शिरल्यावर आटोपू असे म्हणू नये. मग पुन्हा धीमी गाडी धरून मशीद बंदर किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावे. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ मध्ये बांधून झाली. तिच्या प्रवेशद्वारावरची शिल्पे लॉकवूड किपलिंग यांनी घडवलेली आहेत. ते जवळच्याच जे. जे. कलाशाळेत शिकवत होते, आणि त्या कलाशाळेत घडलेली मातीची भांडी आपण सकाळी संग्रहालयात पाहिलेली असतील. मुलीला हे तिथेच दाखवून द्यावे. कापडासाठी मंगळदास मार्केट शेजारीच आहे. भांड्यांसाठी पायधुणीजवळच्या तांबाकाट्याकडे जावे. जड भांडी सगळ्यांत शेवटी घ्यावीत, हे नणंदबाईंना सांगायची गरज नसावी.

साड्या मात्र त्या दिवशी घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लग्नाच्या साड्यांना तीन-चार तास सहज लागतात आणि त्यात मुलांचे हाल होतात. त्यासाठी नणंदबाईंच्या मुक्कामातली एक संध्याकाळ राखून ठेवावी आणि ठाण्यातलाच राम मारुती रस्ता, गोखले रस्ता पाहावा. घर जवळ असल्यामुळे सासूबाई मध्येच परत जाऊ शकतील. परतीची गाडी टर्मिनसहून धरावी, वाटेतल्या स्थानकावरून नव्हे. आणि साडेचारच्या आत, म्हणजे बसायला जागा मिळेल.

प्रश्न : आम्ही नेरूळला राहतो. मुलगी पाच वर्षांची आहे, सोबत माझे आईवडील असतात. संग्रहालय आणि खरेदी यांसाठी प्रत्येक वेळी मुंबईपर्यंत जावेच लागते का? इतक्या लहान मुलीला त्यातले काय कळणार, असेही वडील म्हणतात.
एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : पाच वर्षांच्या मुलीसाठी एका दिवसात दोन्ही गोष्टी कोंबण्यापेक्षा दोन वेगवेगळे अर्धे दिवस घ्यावेत.

पहिला अर्धा दिवस आपल्या घराजवळच घालवता येईल. सीबीडी बेलापूरला सिडकोचा अर्बन हाट आहे. तिथे वेगवेगळ्या राज्यांतले विणकर आणि कारागीर आपला माल घेऊन येतात आणि स्वतः विकतात. मी त्याला संग्रहालयाचेच अंगण मानते. संग्रहालयात वस्तू असते पण ती घडवणारा नसतो. मोठ्या दुकानात वस्तू असते आणि ती घडवणारा कोण, हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते. हाटात मात्र मुलगी थेट विचारू शकते, "काका, हे तुम्ही केलंत?" पाच वर्षांच्या मुलांना हा प्रश्न विचारायला फार आवडते आणि कारागिरांना त्याचे उत्तर द्यायला त्याहून आवडते. जाण्यापूर्वी त्या दिवसांत कोणता बाजार भरला आहे, ते पाहून घ्यावे. तिथे फार घासाघीस करू नये, ही माझी विनंती आहे. समोरच्या माणसाने ते वस्त्र स्वतः विणलेले असते आणि भाड्याचे, प्रवासाचे पैसे भरून तो इथवर आलेला असतो.

दुसरा अर्धा दिवस मुंबईसाठी ठेवावा, पण खरेदीशिवाय. हार्बर मार्गाने नेरूळहून टर्मिनसपर्यंत गाडी न बदलता जाता येते, आणि तिथून टॅक्सीने छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय जवळ आहे. तिथे मुलांसाठी वेगळे बालसंग्रहालय आहे आणि प्राणी-पक्ष्यांचा निसर्गविभाग तर लहान मुलांना सोडवत नाही. भायखळ्याला जायचे असेल तर आईवडिलांना गाडी बदलण्यासाठी कुर्ल्याचे जिने चढायला लावण्यापेक्षा रे रोडला उतरून टॅक्सी करणे सोयीचे. वर ज्या दगडी हत्तीविषयी लिहिले आहे, तो ज्या घारापुरीहून आला ते बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात, म्हणजे आपल्यापासून फार दूर नाही. "आपल्या शेजारच्या बेटावरचा हत्ती पाहायला जायचं" असे सांगितले तर मुलगी आनंदाने निघेल.

आपल्या वडिलांच्या शंकेविषयी. तिला इसवी सन कळणार नाही, घराण्यांची नावे कळणार नाहीत. पण मोठे आणि लहान, जड आणि हलके, तुटलेले आणि जोडलेले, हे सारे तिला आपल्यापेक्षा लवकर दिसते. तिला उचलून घेऊन एका मूर्तीचा चेहरा जवळून दाखवावा आणि "ही आता काय म्हणत असेल?" असे विचारावे. मिळणारे उत्तर वहीत लिहून ठेवावे.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. सुट्टीच्या दिवशी मॉलमध्ये जाऊन बूट घ्यायचे, एवढेच त्याला हवे असते. संग्रहालयाचे नाव काढले की तो खोलीचे दार लावून घेतो. सक्ती करावी का?
एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : सक्ती करू नये, आणि बुटांचे आमिषही दाखवू नये. "आधी संग्रहालय पाहा, मग बूट घेईन" असे म्हटले की संग्रहालय म्हणजे शिक्षा आणि बूट म्हणजे सुटका, असा अर्थ तो लावतो, आणि त्याचे फारसे चुकत नाही.

त्याला वस्तूंची पारख आहे, हे आपण विसरतो. पंधरा वर्षांचा मुलगा बूट पाहताना तळवा वाकवून बघतो, शिवण तपासतो, खरा माल कोणता आणि नकली कोणता हे दुरून सांगतो. ही नजर संग्रहालयात न्यायची असते. माझ्या वर्गातल्या मुलांना मी एकच प्रश्न देत असे : या वस्तूचे पहिले गिऱ्हाईक कोण असेल आणि त्याने ती कशासाठी घेतली असेल? ढाल कोणी बनवून घेतली, चित्र काढायला चित्रकाराला कोणी सांगितले, परदेशी बनावटीची फुलदाणी मुंबईच्या सावकाराच्या दिवाणखान्यात कशी आली? उत्तर चुकले तरी चालते, कारण ते शोधताना फलक वाचावाच लागतो. एका कपाटापुढे मुलांनी दहा मिनिटे वाद घातलेला मी पाहिला आहे.

त्याच्यासाठी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय अधिक योग्य. १९०५ मध्ये पायाभरणी झालेली, जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली ही इमारत १९१४ मध्ये बांधून झाली, पण पहिल्या महायुद्धात तिचा लष्करी रुग्णालयासाठी वापर झाला आणि लोकांसाठी ती खुली व्हायला १९२२ साल उजाडले. घुमट पाहिला की विजापूरचा गोलघुमट आठवतो. विटेट यांनी तो समोर ठेवलाच होता. आतल्या मध्यवर्ती दालनात नाशिकच्या एका मराठा वाड्यातले लाकडी कोरीव काम बसवलेले आहे. शस्त्रांचे दालन त्याला आवडेल. असुरांच्या, म्हणजे प्राचीन असीरियाच्या राजवाड्यातले दगडी शिल्पपट तिथे आहेत. मुंबईत बसून ते पाहता येतात याचे मला अजून नवल वाटते.

कोणती तीन दालने पाहायची हे त्याला ठरवू द्या आणि आपण मागून चला. बाहेर पडल्यावर हुतात्मा चौकाच्या बाजूला पदपथावरची जुनी पुस्तके पाहत जा. बुटांसाठी ठरावीक रक्कम आधीच त्याच्या हातात ठेवा. ती त्याने मुंबईत खर्च करावी की ठाण्याला परतून मॉलमध्ये, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. संध्याकाळी काय पाहिलेस, असे विचारू नका. सांगायचे असेल ते तो जेवताना सांगेल.

प्रश्न : संग्रहालय पाहून आल्यापासून माझ्या सासऱ्यांना जुन्या मूर्तींचा ध्यास लागला आहे. चोरबाजारात एका विक्रेत्याने त्यांना एक पितळी मूर्ती दाखवली आणि ती दोनशे वर्षांची असल्याचे सांगितले. घ्यावी का?
एक वाचक, कळवा

उत्तर : घाई करू नये. विक्रेत्याचे म्हणणे खोटे असेल तर सासऱ्यांचे पैसे जातील आणि खरे असेल तर कायद्याचा प्रश्न उभा राहील. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती हा पुरावशेष ठरतो. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंच्याहत्तर वर्षांची आहे. अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, दगडाच्या आणि धातूच्या जुन्या मूर्तींची नोंदणी करावी लागते आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. तेव्हा विक्रेत्याकडे परवाना आणि मूर्तीच्या नोंदणीचे कागद मागावेत. ते नसतील आणि तरीही मूर्ती दोनशे वर्षांची आहे असे तो म्हणत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. ती एखाद्या गावच्या देवळातून उचलून आणलेली असू शकते, आणि ज्या देवासमोर पिढ्यान्‌पिढ्या कोणी दिवा लावला, तो आपल्या दिवाणखान्यात ठेवून कोणाचेच समाधान होणार नाही.

मूर्ती जुनी दिसते एवढ्यावर विश्वास ठेवू नये. नव्या पितळेवर रसायनांनी हिरवट थर चढवता येतो. खरी झीज हाताळणीच्या जागी असते : पूजेत रोज चंदन लागलेले कपाळ, पुसून पुसून गुळगुळीत झालेले गुडघे आणि नाक. सगळीकडे सारखाच काळेपणा आणि सारखीच झीज असेल तर शंका घ्यावी. हे ओळखायला शिकण्याची जागा संग्रहालयच आहे. सासऱ्यांना तिथे पुन्हा घेऊन जावे आणि धातूच्या मूर्ती कुठे झिजल्या आहेत, एवढेच त्यांना पाहायला सांगावे.

त्यांना घरात मूर्ती हवीच असेल, तर आजच्या चांगल्या ओतकाम करणाऱ्या कारागिराकडून नवी करून घ्यावी आणि ती नवी आहे असेच सर्वांना सांगावे. मोठ्या संग्रहालयांच्या विक्रीकेंद्रांतही प्रतिकृती आणि पुस्तके मिळतात. चोरबाजारात जायला माझी ना नाही. जुने दिवे, कुलपे, घड्याळांचे सुटे भाग, चिनीमातीच्या बशा पाहण्यात तिथे एक सकाळ छान जाते आणि सासऱ्यांना जुन्या कुलपांची गोडी लागली, तर मूर्तीचा ध्यास आपोआप कमी होईल.